वलणीवरची चड्डी

धुण्याचं नियोजन कसं करावं, हे सांगणाऱ्या सगळ्यांची घरं घाटावर असावीत, असा माझा संशय आहे. पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे, सकाळी मशीन लावा, संध्याकाळी घड्या करा. मधे कपडे वाळायचे असतात, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. आमच्याकडे आगरदांड्याला ती मधली पायरी मृग लागला की सुरू होते आणि नवरात्राच्या आसपास संपते.

मृगाआधी बरं असतं म्हणावं, तर मुलं खाडीत. राजपुरीच्या खाडीत डुंबून आणलेली चड्डी दुपारच्या उन्हात कडकडीत वाळते आणि सकाळी पुन्हा दमट लागते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियम क्लोराईडला तर ३३ टक्केही पुरतात. मेच्या रात्री आमची हवा दोन्ही आकडे सहज ओलांडते. म्हणजे वलणीवरची चड्डी रात्रभर वाळत नसते, पाणी भरत असते. उपाय सोपा आहे: गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढायची. गोडं पाणी त्या दिवशी आलं असेल तर.

पावसाळ्यात गणवेशाचे दोन जोड असतात. एक अंगावर, एक पडवीत. दोन्ही ओले. सासूबाई चुलीच्या वरच्या दांडीवर शर्ट टाकतात. तो खरोखर वाळतो आणि वर्गात धुराचा वास देतो. पुण्याची नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, ड्रायर घे ना." घेऊ की. इथली वीज ढग बघूनच जाते.

ओल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. कपडा धुतला तरी तो टिकतो आणि ओल मिळाली की वाढतो. नाव कळल्यापासून धाकट्याच्या मोज्यांकडे मी जरा आदराने बघते. खिसे तपासल्याशिवाय मात्र काही मशीनमध्ये टाकत नाही. परवा एका खिशातून कालवाची शिंपली, खेकड्याची नांगी आणि अर्धं खाल्लेलं आवळा सुपारीचं पाकीट निघालं. "ती नांगी टाकू नकोस हं, आई," असं वर बजावण्यात आलं.

पाऊस सरतो आणि खरं ऊन पडतं. पण त्या उन्हाची वाट आम्ही एकटेच बघत नसतो. वाऱ्याच्या बाजूच्या अंगणात जवळा पसरला जातो, बोंबील दांड्यांवर चढतात, आणि आमच्या पांढऱ्या चादरी त्यांच्याबरोबरच वाळतात. जवळ्याला आमच्या साबणाचा वास लागला, अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही. दिघीहून फेरीबोटीने गाडीसकट उतरणारे पाहुणे मात्र रात्री चादर अंगावर घेतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि विचारतात, "उद्या सुकटीची चटणी आहे का?"

शाळांना एकच विनंती आहे. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर पांढऱ्या शर्टाची सक्ती ठेवू नका. वरणाच्या रंगाचा ठरवा. ऑगस्टपर्यंत तो तसाही होतोच.