सेकंदाला दहा लाख

तंत्रज्ञान-परिषदांमध्ये सिस्टिम डिझाइनवर बोलणारा वक्ता साधारणपणे पस्तिशी ओलांडलेला असतो. त्याच्या हुद्द्यात 'प्रिन्सिपल', 'स्टाफ' किंवा 'आर्किटेक्ट' यांपैकी एक शब्द असतो आणि त्याने शेवटचा कोड केव्हा लिहिला हे त्याच्या टीमला विचारू नये. पुण्यात तो हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांत नोकरी करतो आणि शनिवारी सकाळी मीटअपमध्ये सापडतो. मोठ्या परिषदेसाठी बंगळुरूला जातो. तो बहुधा पुरुष असतो. स्त्री वक्त्या आहेत, चांगल्याही आहेत. पण आयोजक त्यांना 'विमेन इन टेक' नावाच्या परिसंवादात बसवून मोकळे होतात, त्यामुळे पुढे वर्णिलेली लक्षणे अंगी मुरायला त्यांना सवड मिळत नाही.

दिवसा तो जी प्रणाली सांभाळतो ती साधी असते. उदाहरणादाखल, गृहनिर्माण सोसायट्यांचा मेंटेनन्स गोळा करणारे आणि फाटकावर आलेल्या पाहुण्यांची नोंद ठेवणारे अ‍ॅप घ्यावे. त्याच्यामागे एक पोस्टग्रेस डेटाबेस, त्याची एक रिप्लिका, दोन-तीन सर्व्हर आणि रात्री बिले काढणारा एक क्रॉन जॉब असतो. ही रचना वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीवर चाळीस मिनिटे बोलता येत नाही, ही या वक्त्याची मूळ अडचण. त्याचे बाकीचे बहुतेक गुणधर्म तिच्यातूनच निघतात.

त्याचे शिक्षण दुसऱ्यांच्या अडचणींवर झालेले असते. गूगलला सगळे वेब साठवायचे आणि चाळायचे होते. त्यातून 2003 मध्ये गूगल फाइल सिस्टिमचा आणि 2004 मध्ये मॅपरिड्यूसचा शोधनिबंध आला. काही यंत्रे बंद पडली तरी ग्राहकाला खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकता आलीच पाहिजे, असा अ‍ॅमेझॉनचा हट्ट होता. त्यातून 2007 मध्ये डायनॅमोचा निबंध आला. हे निबंध खरोखर वाचण्यासारखे आहेत, आणि वक्त्याने त्यांतल्या निदान आकृत्या पाहिलेल्या असतात. मार्टिन क्लेपमन यांचे 2017 चे 'डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स' हे मुखपृष्ठावर रानडुक्कर असलेले पुस्तक तो अशा बेताने ठेवतो, की व्हिडिओ कॉलमध्ये डुक्कर बरोबर त्याच्या खांद्यामागे यावे. पाचव्या, रिप्लिकेशनच्या प्रकरणापर्यंत पिवळ्या खुणा असतात. वितरित प्रणालींत काय काय बिघडते ते सांगणारे आठवे प्रकरण कोरे राहिलेले असते.

व्याख्यानाची खरी मेहनत शीर्षकावर होते आणि शीर्षकात आकडा लागतो. दिवसाला एक लाख व्यवहार, असे स्लाइडवर लिहिले की भरघोस दिसते. पण दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे हे काम सेकंदाला एकाहून जरासे जास्त भरते आणि एखादा जुना लॅपटॉपही ते निभावून नेईल. म्हणून झालेल्या कामाचा आकडा नेहमी महिन्याचा किंवा वर्षाचा सांगायचा, आणि होऊ शकेल अशा कामाचा सेकंदाचा, असा प्रघात आहे. 'सेकंदाला दहा लाख विनंत्या पेलणारी रचना' या शीर्षकात तेवढ्या विनंत्या आल्या असे कुठेही म्हटलेले नसते. आल्या तर पेलेल, एवढेच. तुलनेसाठी यूपीआय पाहता येईल. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांनी महिन्याला 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवाले, रिक्षावाले, पेट्रोल पंप, किराणा असे सगळे धरून त्याची सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास येते. वाकडमधल्या सोसायट्या याच्या शंभरपटीहून अधिक वेगाने मेंटेनन्स भरायला धावतील, अशी तरतूद वक्त्याने करून ठेवलेली असते. मेंटेनन्स प्रत्यक्षात कोण आणि कोणत्या वेगाने भरते, ते कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे.

व्याख्यानाची घडण नारदीय कीर्तनासारखी असते: पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान. नमनाच्या जागी स्वतःची ओळख करून देणारी स्लाइड असते. तीत पूर्वीच्या कंपन्यांची बोधचिन्हे, ट्रेकिंगचा एक फोटो आणि 'ही मते माझी वैयक्तिक आहेत' असा खुलासा असतो. पुढची सगळी मते तिसऱ्याच कोणाची असल्यामुळे या खुलाशाची गरज काय, ते अद्याप स्पष्ट झालेले नाही.

पूर्वरंगासाठी कॅप प्रमेय ठरलेले. एरिक ब्रूअर यांनी ते 2000 मध्ये मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी 2002 मध्ये सिद्ध केले. प्रणालीच्या दोन भागांमधला संपर्क तुटला, तर एक तर दोन्हीकडची माहिती सारखी राहील याची हमी देता येते, नाहीतर प्रत्येक विनंतीला उत्तर मिळेल याची. दोन्ही एकदम जमत नाही. बँकेशी संपर्क तुटलेल्या एटीएमने समोरच्या माणसाला पैसे द्यावेत की नाही, हा तोच पेच आहे. वक्ता मात्र एक त्रिकोण दाखवतो आणि तीन कोपऱ्यांपैकी कोणतेही दोन निवडा म्हणून सांगतो. 'तिन्हींपैकी दोन' हे सूत्र दिशाभूल करते, असे खुद्द ब्रूअर यांनी 2012 मध्ये लिहिले. संपर्क तुटावा की नाही, हे कोणी निवडत नसते, तो तुटतो. परंतु त्रिकोण स्लाइडवर देखणा दिसतो आणि श्रोते त्याचा फोटो काढतात. किती फोन वर गेले यावरून पुढच्या खेपेला कोणती स्लाइड ठेवायची ते ठरत असल्यामुळे त्रिकोणाला इतक्यात मरण नाही.

उत्तररंगात नेटफ्लिक्सचे आख्यान लागते. ऑगस्ट 2008 मध्ये डेटाबेस बिघडल्याने या कंपनीला तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर तिने आपला कारभार क्लाउडवर हलवायला घेतला आणि ते काम जानेवारी 2016 मध्ये, सुमारे सात वर्षांनी, पुरे झाले. वाटेत तिने चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारे 'केऑस मंकी' नावाचे साधन तयार केले. माकड सभागृहाला आवडते. सात वर्षांचा तपशील मात्र ऐनवेळी गळतो, कारण वक्त्याच्या मॅनेजरने असल्याच कामाला दोन तिमाही दिलेल्या असतात आणि तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

यानंतर मुख्य आकृती येते. बिल काढणारी एक सेवा, ते पाठवणारी दुसरी, भरल्याची नोंद घेणारी तिसरी, थकबाकीवर व्याज लावणारी चौथी, फाटकाची वेगळी, लिफ्टच्या तक्रारींची आणखी वेगळी; मधोमध आडवा पट्टा त्यांच्यातले निरोप वाहणाऱ्या काफ्काचा आणि सगळ्यांतून सगळ्यांकडे बाण. मार्टिन फाउलर आणि जेम्स लुइस यांनी मार्च 2014 मध्ये मायक्रोसर्व्हिसेसवरचा लेख प्रसिद्ध केल्यापासून या आकृतीला विशेष बहर आला. पट्टा धरून चौकोन सातच का, याचे तांत्रिक कारण शोधू नये. संस्थेतले लोक एकमेकांशी जसे बोलतात तशीच त्यांनी रचलेली प्रणाली होते, हे मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच मांडून ठेवले आहे, आणि कंपनीत टीम लीड सात असतात. 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका टीमने उलटी बातमी दिली. ध्वनी-चित्राचा दर्जा तपासणारी आपली विखुरलेली प्रणाली एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च 90 टक्क्यांनी उतरला, असे तिचे म्हणणे होते. वक्त्याने याचीही ताबडतोब दखल घेतली. 'मोनोलिथकडे परत' या त्याच्या नव्या व्याख्यानात सातही चौकोन जसेच्या तसे असून त्यांच्याभोवती एक मोठी चौकट काढलेली आहे.

प्रात्यक्षिकाबद्दल थोडक्यात सांगता येईल. डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, दुवे आणि दुरून एकत्र काम करणे हे सगळे नव्वद मिनिटांत मंचावरून करून दाखवले. संगणक तिथून कित्येक मैल दूर मेन्लो पार्कला होता. आजच्या वक्त्याला हॉटेलचे वायफाय असते. म्हणून तो आदल्या रात्री व्हिडिओ करून ठेवतो आणि मंचावर नुसता कीबोर्डवरून बोटे फिरवतो.

या साच्याबाहेरची व्याख्यानेही होतात, आणि ती ऐकायला मिळाली की फरक लगेच कळतो. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी 2019 च्या क्रिकेट विश्वचषकाविषयी जे सांगितले ते या प्रकारात मोडते. भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एका वेळी अडीच कोटींहून अधिक लोक पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक निघाले. वरवर पाहता यंत्रणेला हायसे वाटायला हवे. पण निघणारा माणूस 'मागे' जायचे बटण दाबतो, आणि सगळ्यांनी ते एकाच वेळी दाबले की सगळे होम पेजवर येऊन पडतात; व्हिडिओ पुरवणारी यंत्रणा मोकळी होते आणि होम पेज पुरवणारी चेंगरते. वाढत्या गर्दीची बाजूही अशीच अवघड असते. नवा सर्व्हर उभा राहायला काही मिनिटे लागतात, गर्दी तेवढी थांबत नाही. म्हणून मागणी येण्याआधीच क्षमता तयार ठेवावी लागते. यात त्रिकोण नाही, माकड नाही, उसने काही नाही. स्वतःच्या प्रणालीवर माणसे कशी वागतात, एवढेच कोणीतरी नीट पाहिलेले आहे.

प्रस्तुत वक्ता हे व्याख्यान मागच्या रांगेतून ऐकतो आणि धोनीची स्लाइड उचलतो. सोसायटीच्या अ‍ॅपवर धोनी केव्हा बाद होतो, असे त्याला कोणी विचारत नाही. होतो, दर महिन्याला होतो: दंड लागण्याच्या आदल्या रात्री, साडेअकरा ते बारा. महिनाभर झोपलेली प्रणाली त्या अर्ध्या तासात घामाघूम होते, आणि बाराला एक मिनिट कमी असताना पैसे कापले गेले पण पावती आली नाही, अशा माणसाचे काय करायचे, हा वितरित प्रणालींतला खराखुरा प्रश्न त्याच्या स्वतःच्या घरी बसलेला असतो. वक्ता त्याला व्याख्यानाचा विषय समजत नाही, कारण त्याच्यावर गूगलने निबंध लिहिलेला नाही.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे ठेवलेली असतात. पहिला गृहस्थ प्रश्न नसून निरीक्षण आहे असे सांगून चार मिनिटे घेतो. दुसरा, पहिल्या नोकरीतला मुलगा, हे सगळे एका पोस्टग्रेसवर भागणार नाही का, असे भाबडेपणाने विचारतो. त्यावर वक्ता 'इट डिपेंड्स' म्हणतो. हे उत्तर बरोबर आहे. ते कशावर अवलंबून आहे हे सांगायला त्या मुलाला चहाच्या वेळी भेटायला बोलावले जाते.

चहाच्या वेळी वक्त्यात एक उल्लेखनीय बदल होतो. मंचावरची इंग्रजी उतरते, गळ्यातले ओळखपत्र पाठीवर जाते आणि हातात समोसा येतो. "अरे, काफ्का-बिफ्का काही नाही आमच्याकडे. एकच डेटाबेस आहे," असे तो त्या मुलाला सांगतो. मग दिवाळीच्या आदल्या रात्रीची हकिगत निघते. जुना सर्व्हर बंद करायचा राहिला, नव्यावरही क्रॉन लावलेला, दोघांनीही इमाने-इतबारे बिले काढली आणि बारा सोसायट्यांना दोन-दोन एसएमएस गेले. "एका आजोबांनी दोन्ही भरली रे. वर फोन करून विचारलं, यंदा दोनदा का?" अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने प्रत्येक संदेश नेमका एकदाच पोहोचवण्याच्या तंत्रावर तीन स्लाइड घेतलेल्या असतात. आता तो सांगतो की बेभरवशाच्या नेटवर्कवर तसे वचन कोणी देऊ नये. संदेश दोनदा येणार हे गृहीत धरावे, प्रत्येक बिलाला सोसायटी, सदनिका आणि महिना मिळून एक किल्ली द्यावी, आणि ती किल्ली आधी वापरलेली असेल तर दुसरे बिल निमूट टाकून द्यावे. मुलगा हे फोनमध्ये लिहून घेतो. भोवती आणखी सात-आठ जण जमतात, समोसे गार होतात, आणि पुढचे सत्र सुरू झाल्याची घोषणा कोणी मनावर घेत नाही. चित्रीकरण फक्त सभागृहात होत असल्यामुळे परिषदेतल्या या एकमेव उपयुक्त व्याख्यानाची नोंद कुठे राहत नाही.

पुढच्या हंगामाची तयारी लगेच सुरू होते. विषय ऋतूप्रमाणे बदलतात: आधी बिग डेटा होता, मग मायक्रोसर्व्हिसेस, मध्यंतरी ब्लॉकचेन येऊन गेले, सध्या एजंट आहेत. वक्ता जुनी आकृती उघडतो, मधल्या पट्ट्यातले काफ्का पुसून तिथे भाषा-मॉडेल बसवतो आणि बाणांना दोन्हीकडे टोके काढतो. आकडा तोच राहतो. त्या वेगाने मॉडेलला विचारणा केली तर येणारे बिल सोसायट्यांच्या मेंटेनन्सहून मोठे होईल, पण खर्चाची स्लाइड या प्रकारच्या व्याख्यानात नसते. निवड समितीत मागच्या खेपेचे दोन वक्ते असल्याने अर्ज सहसा अडत नाही. अर्जातला शेवटचा रकाना 'हे व्याख्यान आपण यापूर्वी कोठे दिले आहे काय?' असा असतो. तिथे 'नाही' लिहितात, आणि शीर्षकापुरते ते खरेही असते.