नळीवाले नाना

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी हातगाड्या चुकवत चाललेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या खिशात पेनाच्या जागी लवचिक तारेचा, दोन्ही टोकांना केसाळ असा लांबलचक ब्रश दिसला, की खुशाल ओळखावं, हे नळीवाले नाना. आता नाना एकच आहेत असं नाही. जुन्या शहरात जिथं जिथं तीन फुटी काचेच्या टाकीत गप्पी-मॉली फिरतात आणि काचेला तोंड लावून एखादा सकर मासा चिकटलेला असतो, तिथं तिथं टाकीच्या मागच्या अंगाला एक नाना वाकलेले सापडतात.

मासे पाळणारी बाकीची माणसं माशांकडे बघतात. नाना नळीकडे बघतात. माशांची नावं नातवंडांनी ठेवलेली, नानांना त्यातलं एकही सांगता यायचं नाही. पण फिल्टरच्या नळीत बुळबुळ कुठं धरली, किती धरली, वाकणातच जास्त का धरली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. नोकरी पाटबंधाऱ्यात झाली. उभा जन्म कालव्यांतला गाळ कागदोपत्री काढण्यात गेला. आता बोटभर नळीतला गाळ खरोखर निघतो आणि तोही त्याच दिवशी, याचं सुख त्यांना पेन्शनहून मोठं आहे.

हा चिकटा म्हणजे नुसती घाण नव्हे, हे मात्र नाना कुणालाही विसरू देत नाहीत. पाण्यातले जिवाणू नळीच्या भिंतीला धरतात, शर्करेच्या साखळ्यांचा डिंक सोडतात आणि त्या डिंकात पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात, काकू ‘तुमचा शेंबूड’ म्हणतात. थर जाड झाला की नळीची वाट अरुंद होते, भिंत खरबरीत होते आणि पंप तोच असूनही धार मलूल पडते. त्यात वीज जाऊन आली की पंपाच्या पहिल्या धक्क्यालाच तपकिरी पापुद्रे सुटतात. टाकीभर ते तरंगतात, मासे खाऊ समजून तोंडात घेतात आणि थुंकतात. बाजारात हिरवट अपारदर्शक नळी मिळते. तिच्यात उजेड कमी जातो, शेवाळ कमी धरतं. नानांनी ती घेतली नाही. आतलं दिसलं नाही तर काळजी कशाची करायची?

नानांचा मोठा पराभव ‘नळ आले’च्या दिवशी झाला. ज्या शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, तिथं नळ येणं हा सणच असतो. ड्रम, हंडे, पातेली, सगळं रांगेत. सगळ्यांचं भरून झाल्यावरही धार चालूच राहिली, तेव्हा नानांच्या अंगात आलं. त्यांनी फिल्टर उघडला आणि नळी, स्पंज, आतले चिनीमातीचे तुकडे असं सगळं वाहत्या नळाखाली घासघासून धुतलं. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक झाला. दोन दिवसांनी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

शहागंजच्या पुढच्या गल्लीत मासे विकणारा पोरगा सगळं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाला, “नाना, इत्ता नक्को घिसो! वो मैल नै, वोईच फिल्टर है.” पोरगं बरोबर होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं पुढे नायट्रेट करतात आणि ही सगळी मंडळी त्याच बुळबुळीत थरात राहतात. नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरीननं त्यांचा बंदोबस्त झाला होता. म्हणून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलका पिळून. घासायची ती फक्त नळी. एरवी जे पाणी ड्रममध्ये आठवडाभर उघडं पडतं त्यातला क्लोरीन आपोआप उडून जातो. टंचाईचा एवढा एक फायदा आपल्या शहरानं माशांना मिळवून दिला आहे आणि नानांनी नेमका ताज्या पाण्याचा दिवस निवडला.

तेव्हापासून नानांच्या खिशात ब्रशशेजारी क्लोरीन मारणाऱ्या हायपोची पुडी असते. घरातला नियम असा, की पहिली बादली माशांची. काकू एकदा म्हणाल्या, “भाजी धुवायला पाणी नाही अन् तुम्ही माशाला कुठं अंघोळ घालायलात?” नानांनी माशाची अंघोळ आणि पाण्याचा बदल यांतला फरक समजावून सांगितला. भाजी न धुताच फोडणीला गेली.

घराबाहेरही नानांचा डोळा नळीवरच. दाढ दुखत होती म्हणून दवाखान्यात गेले. प्रतीक्षेच्या खोलीत टाकी होती. आत बोलावलं तेव्हा नाना तिच्या मागे आडवे. डॉक्टरांना म्हणाले, “तुमच्या नळीत दोन महिन्यांचा थर आहे.” डॉक्टरांनी त्यांचं तोंड उघडायला लावून आत आरसा घातला आणि म्हणाले, “तुमच्याकडे दोन वर्षांचा.” गोष्ट खरीच आहे. दातांवरचा चिकटा हीसुद्धा बायोफिल्मच. लेव्हेनहुकनं 1683 मध्ये दातांवरचा मळ भिंगाखाली धरून त्यात वळवळणारे जीव पाहिले होते. नाना घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभे राहिले म्हणतात. ब्रश कुठला वापरला ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेलं की चक्कीकडे त्यांची पाठ. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी इथवर आणलं, ते नळ आतून साफ कसे करत असतील, यावर ते हौदातल्या माशांच्या साक्षीनं बोलतात. मलिक अंबरबद्दल त्यांना जो आदर आहे, तो लढायांसाठी नाही, गनिमी काव्यासाठीही नाही. त्यानं शहराला पाणी आणणाऱ्या आपल्या नहरीला जागोजागी माणूस उतरेल अशी तोंडं ठेवली, यासाठी आहे. “हात घालायला जागा ठेवली हो त्यानं!” असं म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो. एका लाइनमनला त्यांनी जायकवाडीहून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीच्या आतल्या थराविषयी छेडलं, तेव्हा तो म्हणाला, “तेवढा मोठा ब्रश मिळाला की कळवा, नाना.” नाना दुकानात चौकशी करून आले.

परवा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. पोहे आले, शिक्षण-नोकरीच्या गोष्टी निघाल्या. नाना केव्हाच उठून दिवाणखान्यातल्या टाकीच्या परतीच्या नळीत बोट घालून उभे. बोट स्वच्छ निघालं. त्यांनी संशयानं विचारलं, “स्पंजही असाच घासता?”

“नाही काका,” मुलगी म्हणाली, “स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळते. नळी तेवढी घासते.”

“आमच्याकडून पक्कं,” नाना म्हणाले.

काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “अहो, पोराला तरी विचारा की.”