औदुंबराला ठेका हवा

धरणगावच्या कॉलेजातल्या पोरांनी 'औदुंबर'वर म्युझिक व्हिडिओ करायचं ठरवलं. बालकवी गावचेच, १८९० साली इथेच जन्मले. शिवाय कवितेवरचे हक्क केव्हाच संपलेले, म्हणजे मानधनही वाचलं. सरांची अट एकच: कच्चा व्हिडिओ लोकांना दाखवा, त्यांचं ऐकून सुधारा.

पहिला खेळ चहाच्या टपरीवर. निकाल तिथल्या तिथे: "भो, नाचाले काय शे यामा?" मग डीजेचा ठेका आला. मावश्यांना नवरी हवी होती, तीही आली. कुणा काकांसाठी ड्रोन उडाला आणि औदुंबर कोथिंबिरीच्या जुडीएवढा दिसू लागला. एका जाणत्याची तक्रार, शब्द फार आहेत. कविता आठ ओळींची! तडजोड दोनवर झाली.

१९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात कोवळ्या त्र्यंबक ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि 'बालकवी' होऊन परतले. श्रोत्यांच्या हातात तेव्हा पाच चांदण्यांचा फॉर्म नव्हता. पोरगं थोडक्यात वाचलं.

नवा व्हिडिओ आता हळदीला वाजतो. कवीचं नाव मात्र पोरांनी इमानानं ठेवलंय, 'विशेष आभार'मध्ये, मंडपवाल्याच्या खाली.