आज किती?

अण्णांना तुम्ही ओळखता. गाव दुसरं असेल, टोपणनाव दुसरं असेल. पण पहाटे फिरायला निघालेल्या माणसाला आडवा जाऊन त्याच्या मनाची चौकशी करणारा गृहस्थ तुमच्याही वाट्याला आलेलाच असणार. आमचे अण्णा सोलापुरात कंबर तलावाच्या काठावर गाठतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकदम, ‘‘आज किती?’’

नवखा माणूस शुगर सांगतो. अनुभवी बीपी सांगतो. अण्णा दोघांनाही हातानं थांबवतात. ‘‘ते नव्हे ओ मालक. माइंडसेट! दहापैकी किती?’’

हे खूळ त्यांनी एका कार्यशाळेतून आणलं. दोन दिवस, दुपारच्या जेवणासह, शेवटी प्रमाणपत्र. ध्येय गाठायचं तर आधी मन निरोगी हवं आणि जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, असं तिथल्या कोटवाल्या वक्त्यानं सांगितलं. अण्णा टॉवेल-चादरीच्या धंद्यातले. मोजायचं म्हटल्यावर त्यांना दुसरं काय हवं? टॉवेल किलोवर, चादर नगावर, मन दहापैकी. त्याच संध्याकाळी नवी पेठेतून डायरी आली.

वास्तविक ‘माइंडसेट’ हा शब्द जगभर गाजवला तो अमेरिकेतल्या कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक 2006 सालचं. माणसाची कुवत जन्माला येताना ठरून गेलेली नसते, कष्टानं वाढते. म्हणून पोराच्या हुशारीचं कौतुक करण्यापेक्षा तो कसा झटतो त्याचं करा, असं बाई सांगतात. आपल्याकडे त्या विचाराचं पहिलं काय केलं असेल, तर त्याला मार्क द्यायला सुरुवात केली.

अण्णांचा स्वतःचा आकडा बहुतेक वेळा साडेसात. त्यामुळे फिरणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव ‘साडेसाती’ पडलं आहे. हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल त्यांचा माइंडसेट आठ आहे.

एकदा सात रस्त्यावर त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, ‘‘आज किती?’’ तो म्हणाला, ‘‘साठ रुपये.’’ अण्णांनी त्याला सकारात्मक विचारांबद्दल बरंच सांगितलं. ‘‘काय बोलूलालाव मालक, बसायचं तर बसा,’’ म्हणून तो निघून गेला. एका तेराव्याला त्यांनी मयताच्या थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. मी दंडाला धरून त्यांना पंगतीत बसवलं म्हणून निभावलं. त्यांच्या गल्लीत मात्र या आकड्याचा खरा उपयोग होतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे नव्यानं सांगायला नको. उजनी धरण भरलं म्हणून नळ भरतोच असं नाही. तर समोरच्या काकू गॅलरीतून ओरडतात, ‘‘अण्णा, आज किती?’’ उत्तर साडेआठ आलं की समजायचं, पाणी सुटलं. काकू मोटर लावायला पळतात.

ध्येयं तीन. डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेली: वजन दहा किलोनं उतरवणे, पहाटे चारला उठणे, बीए होणे. ध्येय कधी हुकत नाही, तारीख फक्त पुढं सरकते. वजनाची तारीख दिवाळीत होती, ती हुरड्यानंतर गेली. मग संक्रांतीची शेंगापोळी आली. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की अण्णा म्हणतात, आता घामानंच उतरेल. कडक भाकरी चुरून, वर दही, त्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार, असं ताट पुढ्यात असताना मी त्यांना वजनाबद्दल विचारलं. ‘‘वजन तेवढंच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण त्याकडे बघण्याचा माइंडसेट नऊ!’’

त्यांच्या दुकानात डॉ. कोटणीसांचा फोटो आहे. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. अण्णा फोटोकडे बघत म्हणतात, ‘‘यांचा किती असेल हो?’’ कोटणीसांना विचारायची कुणाची टाप होती, हे मी मनात म्हणतो.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र वेगळंच झालं. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. उंचच उंच काठी एकट्यानं कमरेच्या पट्ट्यात तोलून धरायची, दमलं की दुसऱ्याकडे सोपवायची. त्याचा सराव आधी कितीतरी आठवडे चालतो. नुकताच ध्वज सोपवून बाजूला आलेला एक तरुण धापा टाकत उभा होता, अंगातली बाराबंदी घामानं चिकटलेली. अण्णा पुढं सरसावले. मी डोळे मिटले.

‘‘आज कि—’’

‘‘मालक, पाणी आहे का?’’

अण्णांनी पिशवीतली बाटली दिली. पोरानं ती संपवली, तोंड पुसलं आणि पुन्हा ध्वजामागं चालू लागला. अण्णा रिकामी बाटली हातात धरून त्याच्यामागं पार चौकापर्यंत गेले, त्याच्या मित्रांसाठी आणखी पाणी घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच आकडा विचारला नाही.

तिसऱ्या ध्येयाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा अण्णा दहावीत होते. परीक्षा झाली आणि दुसऱ्या आठवड्यात ते यंत्रमागावर पाळी करायला लागले. टॉवेलचा धंदा, लग्न, पोरींची शिक्षणं हे सगळं त्यानंतरचं. धाकटी इंजिनिअर झाली त्या वर्षी त्यांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की गठ्ठ्यांच्या आड अर्थशास्त्राचं पुस्तक असतं. ‘मागणीची लवचिकता’ हा धडा त्यांनी मला टॉवेलच्या भावावरून समजावला. कॉलेजात मला तो कळला नव्हता.

बाकी विषय सुटले, अर्थशास्त्र राहिलं. निकाल लागला त्या दिवशी डायरी काउंटरवर उघडीच होती, म्हणून दिसली. ‘पेपर गेला. 3.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: ‘धडा पाचवा पुन्हा. 4.’ तलावाच्या काठावर त्या दोन्ही दिवशी त्यांनी आम्हाला साडेसातच सांगितलं होतं.

माणूस वैताग आणतो, यात शंका नाही. मी अजूनही त्यांना लांबून पाहिलं की चाल बदलतो. पण पन्नाशी उलटल्यावर आपल्या पोरींपेक्षा लहान मुलांशेजारच्या बाकावर बसून तीन तास लिहायला जे लागतं, ते कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही. ते अण्णांकडे आधीपासूनच होतं, फी भरून त्यांनी फक्त त्याचं इंग्रजी नाव आणलं.

राहिलेल्या पेपरचा फॉर्म त्यांनी पुन्हा भरला आहे. वजनाची तारीख परीक्षेनंतरची आहे.