वरच्यांचा शेजारधर्म

ज्या भूप्रदेशावरील पाऊस उताराने वाहत अखेर एकाच जलाशयात येतो, त्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. या व्याख्येतून मोठ्या शहरांना वगळण्याची सोय भूगोलाने ठेवलेली नाही, हा त्याचा अडेलतट्टूपणाच म्हणावा लागेल. पुणे शहर खडकवासल्याचे पाणी पिते, म्हणून त्या धरणाच्या काठी कोणी कपडे धुतले तर शहरात रास्त संताप व्यक्त होतो. तेच पाणी वापरून झाले की मात्र त्यातील बराच भाग पुरेशा शुद्धीकरणाविना मुळा-मुठेत सोडला जातो आणि तेथून भीमेमार्गे उजनी धरणात पोहोचतो, जेथून सोलापूरला पिण्याचे पाणी जाते. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात, त्या कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. शेतकऱ्याला विकत घ्यावे लागणारे खत येथे विनामूल्य पोहोचते, एवढे औदार्य मान्य करायलाच हवे. जलप्रदूषण रोखणारा केंद्रीय कायदा १९७४ सालचा, तर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालेले. धरण कैक वेळा भरून वाहिले, कायद्याची अंमलबजावणी मात्र अद्याप मृतसाठ्यातच आहे. अशा स्थितीत सोलापूर शहरच उचलून खडकवासल्याच्या वरच्या अंगाला वसवावे, हा प्रस्ताव विचारार्ह ठरतो. पुण्याचे सांडपाणी पुण्यातच शुद्ध करण्यापेक्षा प्रशासनाला तो निश्चितच सुकर वाटेल.