मार्चअखेरची बाग

गडचिरोलीकडच्या धानोऱ्याहून बाग बघायला कोणी पुण्याला जात नाही. खरं तर बाग बघायला कोणी कुठंच जात नाही. जंगल घराच्या कुंपणापर्यंत आलेलं, आणि त्याच्याशी सगळ्यांचा व्यवहार रोखीचा. तेंदूची 70 पानं बांधली की एक पुडकं. मोह किलोवर जातो. शेजारच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये आपला बांबू आपणच विकायला घेतला, तेव्हापासून बांबूचाही हिशोब चोख. झाड दिसलं की 'हे काय देते?' असं विचारायची इथली रीत. 'हे कुठं शोभेल?' असं विचारणारा माणूस मला तालुक्यात एकच भेटला, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो.

त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. उभी नोकरी मोऱ्या, रपटे आणि अंगणवाडीच्या खोल्यांत गेली, त्याही वरून आलेल्या ठरीव नकाशाबरहुकूम. एक वळण कधी स्वतःच्या मनानं काढायला मिळालं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राफपेपरचा गठ्ठा आणला आणि घरामागच्या सांदवाडीत वळणंच वळणं काढली.

याला कारण पुण्याचं एम्प्रेस गार्डन. त्यांची लेक पुण्यात असते. जानेवारीच्या अखेरीस तिथं पुष्पप्रदर्शन भरतं म्हणून ती काकाजी-काकूंना घेऊन गेली. बाग मोठी, 39 एकरांची. काकू डेलियापाशी थबकल्या. काकाजींनी खिशातून टेप काढला.

प्रदर्शनातले काकाजी हेच खरं तर एक प्रदर्शन. लोक फुलांपुढे उभे राहून फोटो काढतात, हे ताटव्याच्या मागं जाऊन उकिडवे बसतात. हिरवळीची कड उचलून खाली कुंड्या आहेत की माती, ते बघतात. वळणाची त्रिज्या मोजतात. रखवालदार शिटी वाजवतो, तर त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला देतात. त्यांच्या मोबाईलमध्ये आजवरच्या सगळ्या प्रदर्शनांचे फोटो आहेत आणि ते सगळे पाठीमागून काढलेले आहेत. काकू म्हणाल्या, "फुलं तं पाहा जी जरा!" त्यावर उत्तर आलं, "फुलं तं सगळ्यायलेच दिसते. खाली का आहे, ते पाहू दे."

खाली काय आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. प्रदर्शनातली बाग उगवत नाही, ती येते. टेम्पोतून, कुंड्यांमधून, ऐन फुलावर असताना. चार दिवसांनी परत जाते. तिला मे महिना बघावा लागत नाही, आणि बकरीही. दुसरा कोणी हिरमुसला असता. काकाजी खूश झाले. जे काम चार दिवसांत उभं राहतं ते आपल्याला वर्षभरात का जमू नये, असा त्यांचा सरळ हिशोब.

घरी आल्यावर रीतसर फाईल होते. आराखडा, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी. ही ते स्वतःच देतात. प्रशासकीय मान्यता काकूंची. ती 'वांग्याच्या वाफ्यास धक्का न लावण्याच्या अटीवर' मिळते. जानेवारीत प्रेरणा, फेब्रुवारीत कागद आणि काम सुरू होतं मार्चमध्ये, कारण त्यांच्या आयुष्यातली सगळी कामं मार्चमध्येच झाली. आता पेटुनिया, ॲस्टर ही थंडीची फुलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावी तेव्हा जानेवारीत फुलतात. काकाजी त्यांची रोपं अशा वेळी लावतात, जेव्हा रानात पळस पेटलेला असतो आणि मोह टपटपायला लागलेला असतो. होळीनंतर पंधरवड्यात ताटवा आडवा. मी एकदा म्हटलं, "काकाजी, हीच फाईल ऑक्टोबरात काढली तर?"

"मार्चनंतर निधी परत जाते."

"कोणाचा निधी?"

"माझाच."

एक उपाय होता. बंगळुरूच्या लालबागेत स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास प्रदर्शन असतं. ते बघून आलं की पेरणीची वेळ बरोबर गाठता येईल. पण ऑगस्टात आमच्याकडे नाल्यांवर पाणी चढतं. वेळेवरचं एकमेव प्रदर्शन असं पुरापलीकडे राहिलं, आणि त्या रपट्यांची उंची कमी ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे ते फक्त माझ्याशी बोलतात.

सांदवाडीत आता प्रत्येक प्रदर्शनाची खूण आहे. पुण्याचा कमानदार पूल आहे, खाली पाणी नाही, कोंबड्या आहेत. त्यासाठी त्यांनी मुद्दाम वाकडे बांबू मागितले होते. विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक आयुष्यात पहिलंच. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मुंबईला राणीच्या बागेत फुलांनी मढवलेल्या प्रतिकृती बघून आल्यावर त्यांनी गडचिरोलीहून सळया आणून हत्तीचा सांगाडा जोडून घेतला. फुलांचं अंदाजपत्रक काकूंनी नामंजूर केलं. पावसाळ्यात त्यांनी मुकाट्यानं हत्तीच्या चारी पायांशी कारली लावली. भाद्रपदात हत्ती हिरवागार झाला. सोंडेची कारली आम्हीही खाल्ली, चांगली होती.

काकाजींनी हे अतिक्रमण मानलं, पण नोंद 'वेलवर्गीय हत्ती (पूर्ण)' अशी केली. त्यांच्या वहीत पूर्ण झालेलं तेवढं एकच काम आहे.

भाच्यानं त्यांना लंडनच्या चेल्सीतल्या पुष्पप्रदर्शनाचे व्हिडिओ दाखवले. तिथं बागेत चिनीमातीचे रंगीत बुटके ठेवायला मनाई. 1913 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रदर्शनाच्या शंभरीला, 2013 मध्ये, तेवढ्यापुरती सूट मिळाली. काकाजींना फुलांपेक्षा हे आवडलं. "साहेब लोकायची फाईलही शंभर वर्षं चालते तं!" म्हणाले, आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी काकूंकडे निघून गेले.

डिसेंबरात नागपूरला कृषी महाविद्यालयाचं शेवंतीचं प्रदर्शन बघून आले. परवा नवा आराखडा घेऊन माझ्याकडे. वळण पहिल्यांदाच भिंत ओलांडून आलेलं. माझ्या गोठ्याभोवती ठिपक्यांची रेषा, शेजारी बारीक अक्षरात 'प्रस्तावित', आणि खाली माझ्या नाहरकतीसाठी मोकळी जागा.

"काकाजी, इथं माझी म्हैस बांधली असते."

"माहीत आहे नं. तिले हलवायचं नाही," ते म्हणाले. "शेवंतीच्या मागं काळं कापड लावतात तिकडं. पिवळी खुलून दिसते. आपल्याले कापडाचा खर्चच नाही."

मी सही केली. त्यांनी तारीख मार्चची टाकून घेतली.