आसनस्थ चुका

मराठीत खिळ्याच्या धाकट्या भावंडाला 'चूक' म्हणतात आणि प्रमादालाही 'चूक'च म्हणतात; या दोन अर्थांचा परस्परसंबंध व्युत्पत्तिकारांना मान्य असो वा नसो, हॉटेलमालकाने दुपारी तीन ते सहाच्या शांततेत स्वहस्ते मढवलेल्या सीटवर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला तो तत्काळ पटतो. प्रस्तुत विवेचनात 'सीट' म्हणजे शहरातील मध्यम प्रतीच्या उपाहारगृहात, विशेषतः 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेल्या भागात, टेबलाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बसवलेले, पाठीला पार्टिशन असलेले आणि रेक्झिनने मढवलेले बाकडे होय. इराणी हॉटेलांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण त्यांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचा पूर्वज, म्हणजे व्हिएन्नाच्या मायकेल टोनेट याने १८५९ मध्ये बाजारात आणलेला चौदा नंबरचा नमुना, सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच पूर्ण होत असे. त्यात मालकाच्या हौसेला वाव नव्हता.

सीटला तो भरपूर असतो. तळाशी लाकडी चौकट, तिच्यावर प्लायवूड किंवा नवार, त्यावर फोम आणि सर्वांत वर रेक्झिन अशी तिची रचना असून, गिऱ्हाइकाला केवळ वरचा थर दिसत असल्याने तेवढाच थर अस्तित्वात आहे असे मालक मानतो, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ या एका समजुतीत आहे. रेक्झिन हे मूळचे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कंपनीचे व्यापारी नाव. त्या कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे आणि ब्रिटिश रेल्वेच्या डब्यांतही ते वापरले जाई. आज आपल्याकडे त्या नावाने जे मिळते ते पीव्हीसीचा लेप दिलेले कापड असते, आणि त्या लेपाला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य काळाच्या ओघात, माणसांचा घाम व डोक्याचे तेल पीत पीत निघून गेले की रेक्झिन कडक होऊन प्रथम पुढच्या काठावर, म्हणजे मांड्या टेकतात तेथे, तडकते.

तडकलेल्या जागी मालक आधी तपकिरी चिकटपट्टी लावतो. ही पट्टी उन्हाळ्यात सीटची साथ सोडून गिऱ्हाइकाच्या विजारीची साथ धरते, आणि तिसऱ्या पट्टीनंतर कुशनवाल्याला बोलावण्याचा विषय निघतो; परंतु मजुरीचा आकडा ऐकताच मालकाला आपल्या घरी एक हातोडी असल्याचे स्मरण होते. मदतीला डोसा घालणारा आणि टेबल पुसणारा पोऱ्या असे दोघे असतात, ज्यांपैकी कोणीही या कामासाठी नोकरीला लागलेला नसतो.

पहिला अध्याय मापाचा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि चार इंच जाड सीटला, चारही बाजू झाकून कड तळाशी दोन-दोन इंच वळवायची तर, साठ इंच लांब व तीस इंच रुंद तुकडा लागतो. रेक्झिनचा पन्हा बहुधा चौपन्न इंचांचा असल्यामुळे एका सीटचे तीस इंच काढल्यावर चोवीस इंचांची पट्टी उरते, आणि ती टाकून देणे ज्याला जमते तो हॉटेलच्या धंद्यात पडत नाही. समोरच्या सीटला कमी पडणारे सहा इंच म्हणून दुसऱ्याच रंगाच्या रेक्झिनने भरून काढले जातात, आणि तो जोड नेमका माणूस जेथे बसतो तेथे येतो.

फोमची प्रत 'डेन्सिटी'वर, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते यावर ठरते. चाळीस डेन्सिटीचा फोम वरील मापाच्या सीटला सुमारे सव्वादोन किलो लागतो. मात्र मालक जुनाच फोम ठेवून, मधोमध पडलेल्या खड्ड्यात फ्रिजच्या खोक्यातून निघालेले तुकडे भरतो, त्यामुळे सीटवर बसलेल्या कुटुंबातील सदस्यांची उंची वयाशी विसंगत होऊन सासूबाई टेबलाखाली आणि नातू टेबलावर दिसू लागतो. सीटच्या तळाला धूळ अडवण्यासाठी काळे कापड ठोकण्याची पद्धत आहे. त्याऐवजी येथे कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा लावलेला असतो, आणि खाली पडलेला चमचा उचलायला वाकलेल्या मुलाला अंधारातून कोणीतरी हात जोडून हसताना दिसते.

आता चुकांविषयी. जाणता कारागीर प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक ठोकतो आणि समोरासमोरचा ताण सांभाळत कोपऱ्यांकडे सरकतो. मालक एका कोपऱ्यापासून आरंभ करून देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा पुढे जातो, पोऱ्या पकडीने रेक्झिन ओढत राहतो, आणि वाटेतली सगळी ढिलाई गोळा होऊन शेवटच्या कोपऱ्यावर उकडीच्या मोदकासारख्या कळ्या पडतात. मोदकाच्या कळ्यांचे निदान कौतुक होते. शिवाय बारा मिलिमीटरच्या प्लायला खालून इंचाची चूक मारली तर जवळजवळ निम्मी चूक वर निघते, हा हिशेब गल्ल्यावर पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्याला का सुचत नाही, हे एक कोडेच आहे.

ध्वनीचा मुद्दा नाजूक असला तरी टाळता येत नाही. फोममध्ये हवा असते आणि रेक्झिनमधून ती जात नाही. म्हणून कारागीर तिला बाहेर पडण्यासाठी मागच्या बाजूला वाट ठेवतो. मालक सोल्यूशन फासून सगळ्या वाटा बुजवतो, आणि मग माणूस बसताच कोंडलेली हवा जोडाच्या एखाद्या फटीतून असा काही उद्गार काढते की मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात वरपिता वधूपित्याकडे आणि वधूपिता छताच्या पंख्याकडे पाहू लागतो. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा एकदा उठून बसणारी माणसेही असतात. पण तोपर्यंत हवा निघून गेलेली असल्याने दुसऱ्या वेळी सीट गप्प राहते आणि संशय कायम होतो.

या सर्व काळात मालक स्वतः गल्ल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, घडी घातलेल्या टर्किश टॉवेलवर बसलेला असतो.